लिफ्ट बंद आहे

पाटी पुन्हा लागली.
ग्लासगोच्या या मनोऱ्यात आम्ही नवव्या मजल्यावर,
मंगळवारपासून जिन्यात
उकडलेला कोबी, ओला कुत्रा, लोकांच्या धापा.

दोष कुठे आहे ते मला माहीत आहे.
तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप.
आतली पितळी पट्टी झिजली आहे,
दार लागतं, पण लागल्याचा निरोप वर पोचत नाही,
आणि लिफ्ट शहाणी, निरोपाशिवाय हलत नाही.
मी काही उघडून पाहिलेलं नाही.
भिंतीला कान लावला, एवढंच.
अस्मारात उस्ताद गेब्रेआब असंच शिकवायचे,
हाब्तोम, पाना मागाहून. आधी ऐक.
यंत्र खोटं बोलत नाही, इमारतीचा मालक बोलतो.
इटालियन मागे टाकून गेलेल्या लाकडी पेट्या,
जाळीची दारं, दोऱ्यांचं तेल.
अकरा वर्षं मी त्यांची नाडी पाहिली.

मग लष्करानं नेलं.
दगड फोडायला, कर्नलचं घर बांधायला.
मुदत नाही. पगार म्हणावा असा पगार नाही.
तिथे काम थांबवलं तर तुरुंग,
म्हणून पळालो.

इथे कार्डावर माझा फोटो आहे, जरा दचकलेला,
आणि एक ओळ : काम करण्यास मनाई.

मुलाखतीत बाईंनी काहीतरी विचारलं,
दुभाष्यानं ते आमच्या भाषेत आणलं तेव्हा त्याचं झालं होतं
तुमचं इथे काय काम?
मी म्हणालो, सध्या तरी काहीच नाही.
दुभाषा हसू दाबत खाली बघत राहिला.
बाईंनी ते टाइप केलं.

सोळा महिने झाले त्याला.
घरातला प्रत्येक स्क्रू मी दोनदा आवळलाय.
लेतेब्रहान म्हणते, त्या खुर्चीला आता जगू दे.
मुलाच्या शाळेत तक्ता भरायचा होता,
वडील काय करतात.
त्यानं लिहिलं, ऐकतात.

सहाव्या मजल्यावरच्या इशबेल मकफी, वय एक्क्याऐंशी.
बुधवारी त्यांच्या पिशव्या वर नेऊन दिल्या
तर तळहातावर दोन पौंडांचं नाणं ठेवलं त्यांनी.
मी ते विंचवासारखं झटकलं.
नाणं जिन्यावरून टणटण खाली, मी त्याच्या मागे,
मनात एकच हिशेब : याला मजुरी म्हणतात का?
परत दिलं. त्या रागावल्या.
अरे, हे काम नव्हे, शेजारधर्म आहे.
दोन्हींतली सीमा कुठल्या पायरीवर असते
हे त्यांनाही सांगता आलं नाही.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला, फर्गस,
पोरगाच, कानात पेन्सिल.
वर यंत्रखोलीत दोन तास तारा चिवडत बसला.
मी पायरीवर. बोलू नये असं ठरवून.
दोन तास गप्प बसणं मला दगडांपेक्षा जड गेलं.
शेवटी म्हणालो, तिसरा मजला. दाराची पट्टी.

चार मिनिटं लागली त्याला.

तू आहेस कोण? आमच्याकडे माणसं मिळत नाहीत,
तीन जागा रिकाम्या आहेत, सोमवारी ये.
मी कार्ड काढून दिलं.
त्यानं वाचलं. मग उलटून मागची बाजू वाचली,
जणू तिथे काही बरं लिहिलेलं असेल.
मग स्वतःच्या डब्यातलं अर्धं सँडविच पुढे केलं
आणि हात तसाच अधांतरी ठेवून म्हणाला,
हे तरी चालतं ना?

पाटी निघाली. इशबेलबाई आत शिरल्या,
चल, सोडते तुला नवव्यावर.
मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

जिन्यानं चढताना पाचव्या मजल्यावर थांबलो,
कान लावला.
रोलर घासतोय. बारीक, अजून कुणाला कळणार नाही असा.
दोन महिने काढेल.
माझा निकाल त्याच्यानंतर.